पार्ट बदलायच्या आधी बल्ब लावून बघा की!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मधूनमधून जुन्या गाड्यांबद्दल येतं, कुणाच्या आजोबांची फियाट, कुणी पॉलिश मारून लग्नात नवरदेवाला बसवायला काढलेली अँबॅसिडर, फोटो झकास असतात आणि वाचायलाही बरं वाटतं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली (२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून गेली) तेव्हा तर सगळ्यांना गहिवरून आलं होतं. पण साहेब, एवढ्या सगळ्या लिखाणात एक गोष्ट कुणी लिहीत नाही, ती गाडी सकाळी चालूच झाली नाही तर करायचं काय? माझ्या डोळ्यासमोर दोन चांगल्या गाड्या भंगारात गेल्यात, इंजिन ठणठणीत, बॉडीला गंज नाही, कारण काय तर "प्लगला करंट येत नाहीये आणि मेकॅनिकला सापडत नाहीये". म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण बल्बचा भाग कापू नका.

आमच्याकडे वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० चीच भारतातली बहीण, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं पण आमच्या घरात अजून "फियाट काढ" असंच म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मागच्या वर्षी पासिंगची तारीख आली, खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं ते. तारीख सोमवारची आणि गुरुवारी संध्याकाळी सांगलीहून मिरजेला येताना गाडी चालता चालता बंद पडली. झटका नाही, खोकला नाही, कुणीतरी किल्ली काढून घेतल्यासारखी गप्प.

इथेच पहिली खूण असते आणि ती फुकट असते. पेट्रोल संपत आलं किंवा कार्बोरेटरात कचरा आला तर गाडी आधी आचके देते, ओढ कमी होते, चोक ओढला की थोडी सावरते मग मरते. करंट गेला तर एका क्षणात जाते. तेवढ्यावर निकाल देता येत नाही पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. सेल्फ मारला तर इंजिन छान फिरत होतं, पेट्रोलचा वासही येत होता, म्हणजे संशय सरळ करंटवर.

दोरी लावून जीपने ओढून गॅरेजला आणली. गॅरेजचं नाव घेत नाही, मुलं चांगली आहेत, नवीन गाड्यांचं काम झकास करतात. त्यातल्या एकाने बोनेट उघडलं, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "काका, स्कॅनर लावायचं सॉकेट कुठंय हिचं?" मी म्हणलं बाबा रे, हिच्यात कॉम्प्युटर नाही, सॉकेट कुठलं. मग त्यांनी जे केलं ते हल्ली सगळीकडेच चालतं. आधी चार प्लग बदलले. नाही झाली. कॉइल बदलली. नाही झाली. मग डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डबा) उघडून त्यातला पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी, पॉइंट उघडताना तिथे ठिणगी फार उडू देत नाही) दोन्ही नवीन टाकले. तरी नाही! शनिवारी दुपारी बिल ४३०० रुपये आणि गाडी तशीच मुकी, वर सल्ला की काका हिला आता आराम द्या, एक जण आहे चांगला भाव देणारा.

आमच्या शेजारी नाना राहतात, एसटीच्या वर्कशॉपातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर्ड. मी त्यांना म्हणलं नाना तुम्ही बघता का, तर हसले, म्हणाले "अरे आमच्या डिझेलच्या गाड्यांना प्लगच नसतात, मला काय विचारतोस". पण रविवारी सकाळी चहा पिऊन हातात एक बल्ब घेऊन आले. पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी, एका वायरीच्या टोकाला मगरचिमटा आणि दुसरीला घासून टोकदार केलेला खिळा. म्हणाले डिझेल असो नाहीतर पेट्रोल, वायर ती वायरच, करंट कुठपर्यंत येतो ते बघत बघत जायचं, जिथे थांबला तिथे चोर.

आता हे कसं चालतं ते दोन वाक्यात सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. बॅटरीचा १२ व्होल्ट करंट किल्लीतून कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून डेल्कोतल्या पॉइंटला आणि पॉइंटमधून अर्थला (म्हणजे इंजिन-बॉडीच्या लोखंडाला, तिथून परत बॅटरीला). पॉइंट मिटलेला असला की कॉइलमध्ये करंट वाहतो, पॉइंट उघडला की तो एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात, ते मधल्या जाड वायरने डेल्कोच्या कॅपमध्ये, तिथून आतला फिरता रोटर ज्या प्लगच्या टर्मिनलसमोर येईल त्या प्लगला. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटल्यावर नाही, उघडताना पडते, हे भल्याभल्यांना उलटं माहीत असतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर हा उघडमिट सेकंदाला १०० वेळा होतो, एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्याकडून! आणि हो, डिस्ट्रिब्युटरला आपले मिस्त्री लोक डेल्को का म्हणतात माहितीये? १९०९ ला अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगने जोडीदाराबरोबर डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. ही पॉइंट-कॉइलची पद्धत त्याची, कॅडिलॅकला आधी बसली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकचा सेल्फ पण त्याचाच. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या तोंडात ते नाव अजून आहे, मला याचं फार कौतुक वाटतं.

असो. नानांनी आधी बॅटरी बघितली, टर्मिनल हाताने हलवून बघितले, इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी बघितली. ती सैल किंवा गंजलेली असली तरी गाडी असलेच खेळ करते. मग चिमटा इंजिनच्या ब्लॉकला लावला, किल्ली ऑन, आणि खिळा कॉइलच्या प्लसला टेकवला. (जुन्या कॉइलवर प्लस-मायनस ऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडून येणारी, सीबी म्हणजे पॉइंटकडे जाणारी.) बल्ब लागला, लख्ख. म्हणजे बॅटरी, किल्ली, तिथपर्यंतची वायर सगळं ठीक. मला सेल्फ मारायला लावून परत बघितलं, कारण काही स्विच झिजले की सेल्फ मारताना कॉइलचा सप्लाय सोडून देतात, नुसत्या ऑनला बरोबर असतात. तेही ठीक होतं. इथे बल्ब लागला नसता तर बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला सरळ एक वायर जोडून बघायची, गाडी चालू झाली तर दोष स्विच-फ्यूज-वायरिंगचा. फक्त मग किल्ली फिरवून गाडी बंद होत नाही, ती वायरच काढावी लागते, हे आधी माहीत असलेलं बरं, माझा मेव्हणा एकदा जाम घाबरला होता.

आता खरी गंमत. खिळा कॉइलच्या मायनसला. इथे काय व्हायला पाहिजे, तर पॉइंट उघडा असताना बल्ब लागतो, मिटलेला असताना विझतो, त्यामुळे सेल्फ मारला की बल्ब लुकलुक लुकलुक करायला पाहिजे. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटतच नाहीये किंवा त्याच्यावर मळ बसलाय. अजिबात लागला नाही तर दोन शक्यता, एकतर कॉइल आतून तुटली किंवा मायनसची बाजू कुठेतरी अर्थला चिकटली. आमचा बल्ब अजिबात लागेना. मी लगेच म्हणलं, कॉइल गेली असेल नाना, नवीन टाकलीये पण ड्युप्लिकेट असेल. नाना म्हणाले थांब की जरा. त्यांनी मायनसवरून डेल्कोकडे जाणारी वायर काढली आणि परत खिळा टेकवला. लागला! म्हणजे कॉइल धडधाकट आहे, आणि गळती तिच्या पुढे कुठेतरी आहे. माझे कॉइलचे पैसे तिथल्या तिथे पाण्यात गेलेले दिसले.

मग वायर कॉइलला परत जोडली आणि तिचं डेल्कोकडचं टोक काढून मोकळं हवेत धरलं. आता ती वायर कुठेच जोडलेली नाही, बल्ब लागायलाच पाहिजे. नाही लागला. नानांनी त्या वायरीवरून बोट फिरवत फिरवत नेलं आणि ब्लॉकजवळ एक पत्र्याची क्लिप होती तिच्याखाली थांबले. क्लिपच्या धारेने वायरचं कातडं खाल्लं होतं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं, आतलं तांबं क्लिपला टेकत होतं. चाळीस वर्षं घासत घासत गुरुवारी एकदाचं टेकलं. दीड फूट वायर, दोन थिंबल (वायरच्या टोकाला लावायच्या कड्या). वायर बदलल्यावर बल्ब लागला आणि मी किल्लीकडे धावलो.

गाडी चालू झाली नाही. मी खरं सांगतो, त्या क्षणी मी त्या भाव देणाऱ्या माणसाला फोन लावणार होतो.

नाना शांत. वायर डेल्कोला जोडलेली, खिळा परत मायनसला, बल्ब परत विझलेला आणि सेल्फ मारला तरी लुकलुकत नाही. म्हणजे आता डेल्कोच्या आत अजून एक आहे. कॅप काढली, रोटर काढला. कंडेन्सरची वायर सोडवली, कारण कंडेन्सर आतून शॉर्ट झाला तर हुबेहूब हेच होतं. बल्ब विझलेलाच. मग नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या मोबाइलचा टॉर्च मागितला आणि पॉइंटची स्प्रिंग जिथे खुंटीला बसते तिथे बघितलं. त्या खुंटीवर फायबरचे वॉशर असतात, नखाएवढे, तपकिरी. त्यांचं काम एवढंच की स्प्रिंग आणि वायरीची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत पण खुंटीला आणि प्लेटला टेकता कामा नयेत. गॅरेजच्या मुलाने नवीन पॉइंट टाकताना एक वॉशर खालच्याऐवजी वर बसवला होता. झालं, स्प्रिंग कायमची अर्थला, पॉइंट कितीही उघडला तरी कॉइलच्या दृष्टीने मिटलेलाच. म्हणजे आधीचा दोष तसाच ठेवून दुरुस्तीत एक नवीन दोष घातला होता, आणि म्हणून एवढे पार्ट बदलून काहीच होत नव्हतं, एखादं लकने सापडलं असतं तरी दुसऱ्याने झाकलं असतं.

वॉशर जागेवर बसवला, पॉइंटचा गॅप फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, ०.४५ मिलिमीटरला लावला (या गाडीला ०.४२ ते ०.४८ चालतो, आणि गॅप मोजायचा तो डेल्कोच्या शाफ्टच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडलेला असताना, सेल्फने नेमका तिथे थांबत नाही म्हणून टॉपच्या गिअरला टाकून गाडी हाताने इंच इंच ढकलायची). बल्ब लुकलुकायला लागला. मग नानांनी कॅपमधली मधली जाड वायर काढून तिचं टोक सुक्या लाकडी चिमट्याने ब्लॉकपासून पाचसहा मिलिमीटरवर धरलं, मी किल्ली ऑन करून पेचकसाने पॉइंट उघडमिट केला, आणि टक्क! जाड निळी ठिणगी. पिवळट बारीक असती तर कंडेन्सर किंवा कॉइल कमजोर. सगळं लावून सेल्फ मारला, अर्ध्या फेऱ्यात चालू. नाना आले त्याला पाऊण तास झाला होता, त्यातले पंधरा मिनिटं पोह्यांचे.

वाचकांपैकी कुणी करणार असेल तर दोनतीन गोष्टी. किल्ली ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेला राहिला तर कॉइल तापून खराब होते. ठिणगी बघताना पेट्रोल सांडलेलं नाही, गाडी ओव्हर होऊन कार्बोरेटर ओला नाही हे बघा. जाड वायर हातात धरू नका, आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी लांबच उभं राहावं, हा मस्करीचा विषय नाही.

आमच्याकडे मधल्या वायरला ठिणगी आली आणि गाडी चालू झाली पण कधीकधी तिथे येते आणि प्लगला येत नाही, मग कॅप आणि रोटर. पावसाळ्यात बहुतेक वेळा हेच असतं. कॅपच्या आत दमटपणा धरतो, किंवा दोन टर्मिनलच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असते, करंट त्या रेघेवरून पळतो. नुसती ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसून ऊन दाखवा, वडील तर जुलैत डेल्कोवर दुधाची पिशवी कापून बांधायचे. रेघ पडली असेल तर कॅप बदलाच, खरवडून ती जात नाही. कॅपच्या मध्यभागी एक कोळशाचा छोटा दांडा असतो स्प्रिंगवर, तो तुटला किंवा अडकला का बघा. आणि रोटरची एक फसवी गोष्ट, दिसायला नवा असतो पण आतून फुटलेला असतो, करंट सरळ शाफ्टमध्ये उतरतो. तपासायचं असं की कॅप काढून मधली जाड वायर रोटरच्या पितळेच्या वर तीनचार मिलिमीटरवर धरायची आणि पॉइंट उघडमिट करायचा, रोटरवर ठिणगी पडली तर रोटर फेकून द्या, चांगल्या रोटरवर ती पडायला नको. चालू झाली पण मिसिंग मारतेय, फटाके फोडतेय, तर वायरी उलटसुलट लागल्यात, या इंजिनची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे.

बरेच महिने उभ्या गाडीचा आजार वेगळा असतो, पॉइंटवर पांढुरकी साय धरते. बारीक कानशीने दोनदा ओढा, मग जाड कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून घ्या. काळा एमरी पेपर नको, त्याची खर पॉइंटमध्ये रुतून बसते आणि आठवड्यात परत तेच. लग्नपत्रिकेचा कागद उत्तम.

आणि कृपा करून चांगला चालणारा कंडेन्सर उगाच बदलू नका. मला विचाराल तर हल्ली बाजारात मिळणारे नवीन कंडेन्सर जुन्यांच्या पासंगाला पुरत नाहीत, मी एक लावला तो दोन महिन्यात गेला. कॉइलचं पण तेच, दुकानदार "सगळ्याला एकच लागते" म्हणतो पण मल्टिमीटर लावून बघा, बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करायला बाहेरून लावलेला रेझिस्टन्स) नसलेल्या साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला प्लस-मायनसमध्ये साधारण ३ ते ४ ओहम दिसायला पाहिजेत. दीड ओहमची असेल तर ती बॅलास्टवाल्या गाडीची, तुमचे पॉइंट जाळून ठेवेल. आमच्या गॅरेजने जी नवीन टाकली होती ती १.६ निघाली! मी तसाच गेलो आणि भंगाराच्या डब्यातून आमची जुनी कॉइल शोधून आणली, ३.२ ओहम, तीच लावलीये आणि त्याच्यावरच गाडी चालू आहे.

काही जण म्हणतील पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कटकट संपली. वाईट नाही, रोज चालवत असाल तर बसवा. मी नाही बसवणार, कारण ते रस्त्यात गेलं तर गेलंच, पॉइंट निदान लग्नपत्रिकेने साफ करून घरी तरी येता येतं.

संपादक साहेब, मागणं एवढंच आहे की जुन्या गाड्यांवर छापता तेव्हा चौकटीत का होईना असलं थोडं छापत जा. नानांसारखे लोक प्रत्येक गावात आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांना कुणी विचारत नाही. आणि गॅरेजच्या त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मी त्याला पुढच्या आठवड्यात घरी बोलावलं, नानांनी तो वॉशर काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले आता तू बसव. दुसऱ्या वेळी बरोबर बसवला त्याने. आता त्याच्या टूलबॉक्समध्ये पण एक बल्ब आहे.

सोमवारी आरटीओत साहेबांनी चासी नंबर बघितला, हॉर्न, लाइट, वायपर बघितले आणि म्हणाले चालू करा. एका सेल्फला झाली. ५ वर्षं मिळाली.

आपला,
एक फियाटवाला वाचक, मिरज

ता. क. नानांचा बल्ब अजून माझ्याच डिकीत आहे. ते रोज विचारतात आणि मी रोज उद्या देतो म्हणतो.